भोक पाडलेले बूट

आमच्या घरात तुटकी वस्तू टिकत नाही. म्हणजे फेकली जाते असं नव्हे, दुरुस्त होते. कपाचा कान, छत्रीची काडी, शेजाऱ्यांचा लॉनमोअर, माझ्या नवऱ्याच्या, यशोधनच्या हातून काही सुटत नाही. सगळी नोकरी त्यांनी डेट्रॉइटच्या गाड्यांमधल्या चुका शोधण्यात घालवली. रिटायर झाल्यावर गाड्या सुटल्या, खोड सुटली नाही. लग्न होऊन इकडे मिशिगनला, नोव्हायला आले तेव्हा मला या खोडीचं फार कौतुक होतं, नंतर नंतर कंटाळा आला. आणि या फेब्रुवारीत याच खोडीपायी मी अशी काही ओरडले, की समोर बर्फ काढणारा शेजारी फावडं टाकून आमच्या खिडकीकडे बघत राहिला.

ते सांगायचं तर आधी सईचं सांगायला हवं. सई आमची एकुलती एक. नवरा अमन आणि ती मॅसॅच्युसेट्सला, श्रूजबरीत असतात. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली आणि ती तान्ही दुसऱ्याच दिवशी गेली. आम्ही बॅगा भरून तयार होतो. अमनचा फोन आला, सई म्हणतेय, नका येऊ. बॅग तशीच दाराजवळ राहिली. तिच्यात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. ते लाडू मग आम्ही दोघांनीही खाल्ले नाहीत. मुलीचं नाव काय ठेवलं होतं तेसुद्धा सईनं सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. त्यानंतर दर रविवारी फोन होतो, हवेचं बोलणं होतं, कामाचं होतं. ते एक सोडून सगळ्याचं होतं.

आता पुन्हा दिवस गेले होते. मार्चची तारीख होती. सईनं फोनवर बातमी दिली आणि त्याच दमात नियमही सांगितले. "नो डोहाळजेवण, नो बेबी शॉवर. मंडळात कुणाला सांगायचं नाही. काही विणायचं नाही, काही पाठवायचं नाही. आणि आई, प्लीज, डिलिव्हरीला येऊ नका. आय विल कॉल यू आफ्टर."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मुलीच्या बाळंतपणाला आईला बोलावणं नाही, हे दुःख इथं कुणाला सांगायचं? मला कुठे मान हवा होता? तिच्या घरी जाऊन अळीव भिजत घालायचे होते, तिच्या पाठीला तेल लावायचं होतं. माझे हात शिवशिवत होते आणि त्यांना कामच नव्हतं.

यशोधनपाशी बोलावं, तर ते भिंतीशी बोलणं. ते तळघरात जाऊन कुठलंसं यंत्र उघडून बसले. माणसाला काहीच कसं वाटत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

जानेवारीत लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले, तर दाराशी कागद लावलेला. शनिवारी सकाळी, तान्ह्या बाळाचे मोकासिन बूट, हरणाचं कातडं आम्ही देऊ, शिकवणार इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे समाजाच्या बर्निस. मिशिगनमध्ये मी जन्म काढला. इथल्या तळ्यांची, रस्त्यांची, गावांची निम्मी नावं त्या लोकांच्या भाषेतली, पण त्यांच्यापैकी कुणाशी मी कधी दोन शब्द बोलले नव्हते. त्या दिवशीही काही समाज समजून घ्यायला म्हणून नाव नाही दिलं. "तान्ह्या बाळाचे" एवढंच वाचलं आणि नाव देऊन आले.

बर्निस माझ्याच वयाची, ठेंगणी, करड्या केसांची एक वेणी, अंगात फुटबॉल टीमचा जाडा स्वेटर. टेबलाभोवती आम्ही दहाबारा जणं. बरेचसे तिचेच लोक. त्यात डेल नावाचा एक आडदांड ट्रक ड्रायव्हर होता, त्याला नुकतीच मुलगी झाली होती. त्याच्या बोटांत सुई दिसतसुद्धा नव्हती. उरलेले माझ्यासारखे, कुठून कुठून आलेले. बर्निसनं प्रत्येकाला विचारलं, कुणासाठी करणार? पहिला जोड स्वतःपाशी ठेवायचा नसतो, विकायचा तर मुळीच नसतो, ज्या बाळाचा त्याला द्यायचा.

माझ्यापाशी आली तेव्हा मी म्हटलं, "कुणासाठी नाही. सहज."

"कुणासाठी नाही," ती म्हणाली. "बरं. मग या कुणासाठी-नाही बाईंच्या पायाचं माप काय धरायचं?"

सगळे हसले. मीही हसले आणि तर्जनी पुढे केली. बोटाएवढं पाऊल. बर्निसनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तेवढं माप कागदावर उतरवलं.

कातडं हातात घेतलं आणि मी ते आधी नाकाशी नेलं. ते धुरावर धरून कमावलेलं असतं. त्याला चुलीवर उतू गेलेल्या दुधासारखा धुरकट वास येत होता. तळ आणि बाजू एकाच तुकड्याच्या, तो वर उचलून घ्यायचा आणि पुढं बोटांपाशी बारीक चुण्या घालायच्या. मला शिवणाची आयुष्यभराची सवय, निऱ्यांचा हात बसलेला. माझ्या चुण्या पाहून बर्निस डेलला म्हणाली, "बघ. असं हवं. तू ताडपत्री बांधतोयस."

डेल बिचारा निमूटपणे उसवायचा आणि पुन्हा घालायचा. कॉफी पिताना त्यानं मला सांगितलं, की त्याची आजी आणि बर्निसची आई एकाच शाळेत होत्या. शाळा म्हणजे सरकारनं आणि मिशनऱ्यांनी चालवलेली, घरून मुलं उचलून नेऊन ठेवायची ती. तिथं केस कापायचे, भाषा बोललं की मारायचे. त्या मुली मोठ्या होऊन घरी आल्या त्या गप्पच. "हे सगळं खरं तर आईनं मुलीला मांडीवर बसवून शिकवायचं," बर्निस मागून म्हणाली. "आमच्याकडे मधली एक पिढी गप्प बसली. म्हणून आता हे लायब्ररीत, घडीच्या खुर्च्यांवर. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर असल्याच एका वर्गात शिकले. पण शिकले."

मला सई आठवली. तिला मी काय शिकवलं होतं? गणित, पियानो, पोहणं. बाकीचं वेळ आल्यावर सांगू म्हटलं होतं.

शेवटच्या शनिवारी बूट तयार झाले. टाचेला दोन पानं आणि एक लाल फूल, मण्यांचं. मला ते इतके आवडले, की मी तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवत सुटले. बर्निसनं टेबलावर छोटी टोकदार कात्री ठेवली आणि म्हणाली, "आता दोन्हींच्या तळाला भोक पाडा."

मला वाटलं, थट्टा करतेय. एवढी नजर घालून शिवलेलं! पण डेलनं भोक पाडलंसुद्धा होतं. बर्निस खिडकीबाहेर बघून म्हणाली, जमिनीवर अजून बर्फ आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही, गोष्टी आम्ही हिवाळ्यातच सांगतो. आणि तिनं सांगितलं. तान्हं बाळ नुकतंच पलीकडून आलेलं असतं. तिकडचे लोक त्याला विसरलेले नसतात. ते येतात आणि म्हणतात, चल, परत चल आमच्याबरोबर. लांबची वाट असते. तेव्हा बाळानं पाय वर करून दाखवायचे. म्हणायचं, मी कसं येऊ? माझे बूट फाटलेत.

मी कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली. मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं नाव धोंडू होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, धोंडू म्हणजे दगड. त्यांच्या आधीची भावंडं राहिली नाहीत. म्हणून साताऱ्याकडच्या माझ्या आजीनं मुलाचं नाव दगड ठेवलं, की मागायला येणाऱ्याला वाटावं, दगड नेऊन काय करायचंय. नवं कापड अंगाला लावलं नाही, जुन्या धोतराची अंगडी शिवली. गालाला काजळाची तीट लावून चांगलं रूप बिघडवलं. ते वडील पुढं शाळामास्तर झाले, नव्वदी गाठली आणि जन्मभर धोंडूमास्तर म्हणून मिरवले.

बर्निस जोरात हसली. "दगड! तुझी आजी मला आवडली असती." मग ती माझ्याजवळ बसली आणि हळू बोलायला लागली. "मी पहिला जोड केला तो माझ्या आईला नेऊन दाखवला. ती नर्सिंग होममध्ये होती. आयुष्यभर तिनं मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आम्हा भावंडांना दुकानातले बूट, कडक, चकचकीत. तिनं तो जोड उलटा केला, भोकात बोट घातलं आणि काहीतरी म्हणाली, आमच्या भाषेत. मला कळलं नाही. ती गेल्यावर मी भाषेच्या वर्गाला गेले, तो आवाज डोक्यात तसाच धरून. तिथं कळलं. इथंच राहा, असं म्हणाली होती."

मी कात्री पुन्हा उचलली. दोन्ही बुटांना भोकं पाडली. करंगळी जाईल एवढी.

घरी आणून जोड कपाटात रुमालाखाली ठेवला. पाठवायचा नाही, असं सईला कबूल केलेलं. मूल सुखरूप झालं की मग बघू. पण रोज एकदा काढायची, वास घ्यायची, ठेवायची. यशोधननी एकदा विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "क्लासमध्ये केलेत." पुढचं सांगितलं नाही. भिंतीला काय सांगायचं?

तिथंच घोळ झाला. दाढदुखीत आठवडाभर कपाट उघडलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडून परत आले आणि उघडलं, तर बूट नाहीत. शोधाशोध केली. यशोधन टेबलापाशी पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणाले, "अगं, दोन्हींच्या तळाला भोकं होती. बरं झालं मी पाहिलं. कातडं चांगलं होतं, पण एवढी मेहनत करून क्लासनं डिफेक्टिव्ह पीस दिला तुला. माझ्या जुन्या पट्ट्याचे गोल कापले, आतून बाहेरून लावले, ग्लू घालून रात्रभर शिकंज्यात ठेवले, वर मासे पकडायच्या दोऱ्यानं टाके घातले. आता मूल कॉलेजला जाईपर्यंत टिकतील."

"आहेत कुठे?"

"पाठवले. सोमवारी. सईला."

तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं काही पाठवायचं नाही म्हटलं होतं, कळतं का तुम्हाला, आणि ती भोकं होती ती, मी पाडलेली, मुद्दाम! यशोधन उभे राहिले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "काही पाठवू नका, असं तिनं तुला सांगितलं. मला कुठे काय सांगितलं? मला तर कुणी फोनच देत नाही. मला वाटलं, आपल्या घरातून काहीतरी तिथं जावं. आणि जावं ते धड जावं."

मी खाली बसले. या माणसाला काही वाटत नाही, असं मी महिनोन् महिने समजून चालले होते. हा तळघरात बसून माझ्याइतकाच झुरत होता.

मी त्यांना भोकांची गोष्ट सांगितली. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे आता ते लांबच्या वाटेला अगदी तयार आहेत."

आम्ही दोघं शिकलेली माणसं. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. बुटाच्या तळावर कुणाचं आयुष्य अवलंबून नसतं, हे मला कळतं. पण ते बूट तिकडे तसे शाबूत पडलेत, या विचारानं मला एका जागी बसवेना. शेवटी फोन उचलला. रविवार नव्हता, तरी उचलला.

"आई? एव्हरीथिंग ओके?"

"सई, एक पार्सल आलंय का?"

ती म्हणाली, "आलंय. बाबांचं हँडरायटिंग आहे. मी उघडलं नाही. आई, आय टोल्ड यू."

"हो. चुकलंच. पण आता उघड. आणि कात्री घे."

"व्हॉट?"

मी सांगितलं. घाईघाईत, उलटसुलट. लायब्ररी, बर्निस, तिची आई, भोक, बाळाचे पाय, लांबची वाट. धोंडूआजोबा. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी मरणाचं बोलतेय. पोटुशा मुलीशी, जिच्यापाशी दोन वर्षं तो विषय कुणी काढला नाही, तिच्याशी मी तेच बोलतेय. पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला.

"कॅम्पफायरसारखा वास येतोय," सई म्हणाली. आणि नंतर, अगदी बारीक आवाजात, "नैनाला मी नवे आणले होते, आई."

नैना. आमच्या नातीचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"पांढरे. बो असलेले. अजून बॉक्समध्येच आहेत. त्यांना भोकं नव्हती."

हेच व्हायला नको होतं. "नाही गं राणी," मी म्हटलं. "त्यामुळे नाही. बुटांनी काही होत नाही. कुणी जायचं ते बुटांमुळे जात नाही."

"मग भोक कशाला पाडायचं?" ती आता रडत होती, लहानपणी रडायची तसं, हुंदके गिळत. "टेल मी. मग कशाला?"

तोंडाला आलं ते बोलले. "आपण त्याला राहा म्हणतो, एवढंच. दुसरं आपल्या हातात काय असतं? नैनाला मीही म्हटलं असतं गं. मला म्हणायला मिळालंच नाही."

यशोधन दारात उभे होते. मी फोन स्पीकरवर टाकला. मग पलीकडून खुडबुड ऐकू आली, ड्रॉवर उघडल्याची, कात्रीची. सई दात आवळून काहीतरी करत होती.

"आई, जात नाहीये."

"टोक लाव आधी. मधोमध."

"लावलं. कात्री वाकली. हे बाबांनी कशानं चिकटवलंय?"

यशोधन हळूच म्हणाले, "इपॉक्सी."

"बाबा!" सई एकदम हसली. रडत रडतच हसली. आमच्या घरात तिचं हसणं ऐकून किती काळ झाला होता. "बाबा, यू आर इम्पॉसिबल. हे कुणाच्यानं निघणार आहे?"

यशोधननी नुसता चष्मा काढला. सई पलीकडे अजून खटपट करत होती, मग तिची खटपट थांबली. श्वास ऐकू येत होता. मी वाट पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये काही सुचवलं नाही.

"माझ्याच्यानं होत नाहीये, आई," ती म्हणाली. "मार्चच्या आधी व्हायला हवं ना? तुम्ही या. दोघं या. तू पाड."

मी तोंड उघडायच्या आत यशोधनच म्हणाले, "येतो."

फोन ठेवला. ते जिन्याकडे वळले, तळघराच्या. मी विचारलं, आता तिथं काय काम? म्हणाले, "ड्रिल घ्यायला नको? माझं काम आहे ते, तुझ्या कात्रीनं थोडंच निघणार."

मी वरच्या खोलीत जाऊन बॅग काढली. आणि मग स्वयंपाकघरात येऊन डिंक तळायला घेतला.